विरळणी

हिमालयात, तुंगनाथच्या चढावर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, मी धाप लागून एका खडकाला टेकले, आणि छातीतली धडधड निवत आली तसा समोरच्या दगडांच्या राशीतून एक जीव हळूच बाहेर आला: गोल कानांचा, बिनशेपटीचा, ओंजळीत मावेल एवढा. पायका. सशाच्या कुळातला, उंदराच्या अंगलटीचा. तो थबकला, वारा हुंगला, बुग्यालाच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणाच्या, काठाशी आला आणि गवताची एक उंच काडी बुडाशी कुरतडून, ती तशीच तोंडात आडवी धरून दगडांच्या सावलीत विरघळला.

काडी होती तिथे ऊन पडलं.

त्या उन्हात जमिनीला बिलगलेलं बज्रदंतीचं पिवळं फूल एकाएकी दिसू लागलं, आणि मला आजीचा मुळ्याचा वाफा आठवला. ती उकिडवी बसून विरळणी करायची. उपटलेली कोवळी रोपं ओच्यात पडताना माझे डोळे भरायचे. “दाटी झाली की सगळीच खुजी राहतात गं,” ती म्हणायची. रात्री त्याच रोपांची भाजी पानात असायची.

इथली विरळणी दातांची. वरच्या पंखांची आणि कोल्ह्याची धास्ती पायक्याला खडकांपासून फार लांब जाऊ देत नाही. म्हणून दगडांलगतचं गवत तोकडं राहतं, तिथे बुटक्या, पसरट झाडांना आभाळ मिळतं. दूरवर उंच पाती पुन्हा एकमेकांवर सावली धरतात. कुठे एखादं चवदार रोप कडू शेजारणीच्या आडोशाला वाचतं. थंडीवाऱ्यात जी झाडं एकमेकांना ऊब देतात, तीच जरा मऊ हवेत उन्हासाठी भांडतात. आणि त्यांच्या या मायेत आणि भांडणात एक मूठभर भूक रोज येऊन जाते.

तिबेटच्या पठारावर याच्याच भाऊबंदांना कुरणाचे वैरी ठरवून 1958 पासून विष घातलं गेलं. त्यांच्या बिळांतून पावसाचं पाणी जमिनीत मुरत होतं, हिमचिमण्या त्याच बिळांत घरटी करत होत्या. बिळं ढासळली की पाणी वरून वाहून जातं, आणि पाखरं घर शोधत फिरतात. खाणाऱ्याचं देणं मोजायला आपण किती उशीर करतो!

उन्हं कलली. दगडांच्या फटीतून एक बारीक शीळ आली आणि थांबली. उतरताना मी त्या तोकड्या गवतावर पाऊल ठेवलं नाही, कडेकडेनेच गेले.

वाफ्यातून आजी नुकतीच उठून गेली होती.