चिंधी बांधलेला दुधी

आमचं आडनाव बागवान. नावात बाग आहे, पण आमच्या आठवणीत घरच्या पुरुषांच्या हातात खुरप्यापेक्षा तराजूच जास्त. अब्बा आणि चाचा सांगलीच्या बाजारात फळं-भाजी विकायचे. पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला मळीचं दीड एकर रान होतं, ते दादी बघायची आणि दादीनंतर अम्मा. आम्ही दोघी बहिणी त्या रानात वाढलो. इथे 'आम्ही' लिहितो आहोत ते मोठेपणासाठी नव्हे. एकीला आठवतं ते दुसरीला पटत नाही, आणि भांडून भांडून दोघींना जे कबूल झालं तेवढंच लिहिलं आहे.

दादीचा दुधी गोल होता. मडक्यासारखा, सालीवर बारीक लव, रंगाने फिकट. दालच्यात घातला की फोड अख्खी राहायची, मटणाचा रस आत शोषून घ्यायची, पण विरघळायची नाही. आता लग्नाच्या दालच्यात जो लांबडा दुधी पडतो त्याचा डेग उतरेपर्यंत गाळ होतो. भटारी म्हणतात, दुधी सगळ्यात शेवटी टाका. दादीचा दुधी डाळीबरोबरच पडायचा. हुजूरना दुधी आवडायचा असं ती सांगायची, त्यामुळे आमच्याकडे या भाजीला नाक मुरडायची कुणाची छाती नव्हती.

वेलावरचं पहिलं फळ घरात शिजायचं. बियाण्यासाठी मधल्या बहरातलं एक फळ निवडून दादी त्याच्या देठाला जुन्या ओढणीची चिंधी बांधायची. चिंधीच्या दुधीला हात लावायचा नाही, हे आम्हाला कलमा शिकायच्या आधी शिकवलं गेलं असावं. तो दुधी वेलावरच राहायचा. साल लाकडासारखी टणक व्हायची, देठाजवळचा ताणा वाळून जायचा, हलवलं की आत खुळखुळ वाजायचं, मगच तो उतरायचा. मात्र चिंधी बांधायच्या आधी दादी त्याच वेलाचे दुसरे एक-दोन दुधी चाखून बघायची. "पैले चाख, फिर बी धर." कडू निघाला तर सगळा वेल मुळापासून उपटायचा. तेव्हा आम्हाला हा तिचा हट्टीपणा वाटे. पुढे कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्या वाचल्या, तेव्हा कळलं की हा गुण विषाचा आहे आणि तो बियातून पुढे जातो.

रोजे ती चांद बघून धरायची आणि बी नक्षत्र बघून टोकायची. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, रमजान कधी उन्हाळ्यात येतो कधी थंडीत, त्याच्यावर शेती कशी चालणार? म्हणून दुधी आणि वाळूक मिरगाला. यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

बी ठेवायच्या तऱ्हाही ठरलेल्या होत्या. दुधीचं बी सावलीत सुकवून गोवऱ्यांच्या राखेत, गाडग्यात, गाडगं उतरंडीत. अबईच्या शेंगा वीतभर लांब, तलवारीसारख्या वाकड्या. त्यांच्या टपोऱ्या बियांना एरंडेलाचा हात. वाळकाचं बी शेणात कालवून त्याची चकती मागच्या मातीच्या भिंतीला थापलेली. मळीचं वांगं पिवळं पडून सुरकुतेपर्यंत झाडावर ठेवायचं, पाण्यात कुस्करायचं, तळाला बसलेलं तेवढं बी घ्यायचं, तरंगलेलं फेकून द्यायचं. २००५ च्या महापुरात ती मागची भिंत बसली. भावाने सिमेंटची बांधली. सिमेंटवर शेणाची चकती धरत नाही, वाळली की पडते. तेव्हापासून अम्माचं सगळं बी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात गेलं.

हे बियाणं परदेशी कंपन्यांनी बुडवलं, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या घरचा गोल दुधी आमच्याच तराजूने घालवला. अब्बा स्वतः म्हणायचे, हा कॅरेटात बसत नाही, चार ठेवले की गाडीभर जागा खातो. गिऱ्हाईकाला एका मापाचा, लांब, कोवळा माल हवा होता. १९९० नंतर रंगीत चित्राची पाकिटं गावात सगळीकडे मिळू लागली. पहिल्या वर्षी संकरित दुधी एका साच्यातून काढल्यासारखा आला आणि अब्बांचे पैसे झाले. अम्माने सवयीने त्यातल्याही एका फळाला चिंधी बांधली. पुढच्या साली त्या बियांतून एक लांब, एक आखूड, एक वाकडा असं वाटेल ते उगवलं. पहिल्या पिढीच्या संकरित वाणाचे गुण दुसऱ्या पिढीत असे फुटतात, दरवर्षी पाकीट विकत घ्यावंच लागतं, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "इसकू माँ-बाप का पता नै." तरी परसात गोल दुधीचा एक वेल ती घरापुरता लावत राहिली.

वाळूक मात्र गेलंच. भावाने शेजारच्या वाफ्यात खरबूज लावलं. दोन्ही एकाच जातकुळीची, मधमाश्यांना वाफ्याचा बांध कळत नाही. पुढच्या वर्षीचं फळ ना वाळूक होतं ना खरबूज. अम्मा तीन-चार वर्षं त्यातून वाळकासारखं दिसणारं निवडत बसली. फिक्कट चवीचं, मिठाशी खायचं ते फळ परत काही हाती लागलं नाही.

लग्न होऊन निघताना आम्हा दोघींच्याही ट्रंकेत अम्माने बियांच्या पुरचुंड्या टाकल्या होत्या. थोरलीला मिरजेत अंगण होतं, तिने दोन वर्षं दुधी लावला आणि मग मंडई जवळ आहे म्हणून सोडून दिला. धाकटी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेली; तिची पुरचुंडी कपाट बदलताना कधी हरवली तेही तिला ठाऊक नाही. तक्रार करायची तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

अम्मा २०१८ च्या हिवाळ्यात गेली. चाळिसावा झाला आणि पुढच्या आठवड्यात भावांनी हक्कसोडाचे कागद काढले. कुराणाने मुलीला वाटा दिला आहे, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. जुम्म्याच्या बयानात तिचा अभिमानाने उल्लेखही होतो. पण सातबाऱ्याची वेळ आली की आम्ही सगळे गावरीतीचे होतो. बहिणीने वाटा सोडायचा आणि ईदला माहेरची साडी घ्यायची. आम्ही तालुक्याच्या कचेरीत जाऊन सही केली. जबरदस्ती कुणी केली नाही. नाही म्हणालो असतो तर माहेर तुटलं असतं, एवढं सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं. बिस्किटाच्या डब्याचा कागदात उल्लेख नव्हता. भाबी म्हणाली, "तुम्हीच न्या." आम्ही म्हणालो, राहू दे इथेच, या मातीचं आहे. आपण फार समजूतदारपणे बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. भाऊ-भाबी मुलांना घेऊन वेळेत बाहेर पडले, हे अल्लाचे उपकार. घर आठवडाभर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. डबा माळ्यावर होता, पण पाणी माळ्यावरही चढलं होतं. झाकण उघडलं तर आत काळा लगदा आणि त्यात पांढरे कोंब. पाणी मिळाल्यावर बी उगवून आलं होतं आणि डब्यातच कुजलं होतं. भाबी तो डबा धुवायला घेऊन गेली. आम्ही दोघी अम्माच्या मातीला रडलो नसू तेवढं त्या डब्याला रडलो.

मग शोध सुरू झाला. अम्माने कुणाकुणाला बी दिलं होतं, ते आठवून वहीत लिहायला लागलो. दोन पानं भरली. फुपू, खाला, चाचाच्या मुली, शिवाय शेजारच्या आक्का, त्यांच्या सुना, लेकी. यादी वाचताना लक्षात आलं की एक पुरुष नाव नाही. जमीन आमच्याकडे बापाकडून मुलाकडे गेली. बी अम्माकडून मुलीकडे, नणंदेकडे, शेजारणीकडे गेलं. त्याला ना सही लागली ना स्टँप. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. आणि त्यांच्यासारख्या किती बायका आपल्या घरात नाव न घेता होऊन गेल्या, हेही मनात आलं.

बहुतेक घरांतून एकच उत्तर आलं: "होतं गं, पण मागंच गेलं." फुपू जतला असते, त्या कोरड्या मुलखात तिच्या कुंपणावर अबई अजून चढते. तिने ओंजळभर बिया दिल्या. मळीचं वांगं कृष्णाकाठी अजून लावतात, त्याला तोटा नाही. ते आमच्याच घरचं का, हे कोण सांगणार. दुधी मिळाला तो तासगावकडे दिलेल्या आक्कांच्या लेकीकडे. तिला अम्माने लग्नात बी दिलं होतं आणि द्राक्षबागेच्या बांधावर ती ते दरसाल लावत होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "चाचींनी दिलेलं, बंद कसं करायचं?" तिने अकरा बिया मोजून दिल्या. आम्ही सख्ख्या लेकी, आमच्याकडे एकही नव्हती.

२०२० च्या मिरगाला मिरजेच्या अंगणात सात बिया उगवल्या. लॉकडाऊनमुळे धाकटी तेव्हा मिरजेतच अडकली होती. वेल मांडवभर झाला, पण मादी फुलं बोटभर होऊन गळू लागली. शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी लांब दुधी होता, त्याच्या परागाचीही भीती. मग हाताने फूल धरायला शिकलो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी कळ्या बघून ठेवायच्या. जिच्या मागे गोळीएवढा दुधी तीच मादी. नर-मादी दोन्ही कळ्या उमलायच्या आधी दोऱ्याने बांधायच्या. उमलायची वेळ झाली की नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादीच्या तोंडावर फिरवायचं आणि मादी पुन्हा बांधून टाकायची. ही वेळ नेमकी मगरिबची. नमाज एक पढायची आणि फूल दुसरीने धरायचं, अशा आमच्या पाळ्या लागल्या. दादी असती तर कुणाला आधी रागावली असती, यावरही आमचं एकमत नाही.

त्या वर्षी तीन फळांना चिंधी लागली. बी चार घरांत वाटलं, भाबीलाही पाठवलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, भाबीचा वेल गेला. तिने फोन करून दुसरं बी मागवून घेतलं. त्यानंतरच्या वर्षी गावठी वाणांची माहिती गोळा करत एक तरुण गावात आला. शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, ब्रँडचा शिक्का न लावता विकायचासुद्धा हक्क २००१ च्या कायद्याने दिला आहे, वाणाची नोंदही करता येते, असं त्याने समजावून सांगितलं. बी राखणाऱ्याचं नाव विचारल्यावर भावाने स्वतःचं सांगितलं. लबाडीने नाही, शेत त्याचं, घर त्याचं, नाव विचारलं की तोच पुढे होतो. भाबी आत चहा करत होती. तिने ते आम्हाला रात्री फोनवर सांगितलं आणि म्हणाली, "मैं तो कुछ बोली नै." आम्हीही भावाला काही बोललो नाही. कचेरीत सही करताना जसं बोललो नव्हतो तसंच.

राहिला प्रश्न हा दुधी दादीचाच का. तासगावहून आलेल्या या दुधीला देठाकडे किंचित मान आहे. थोरली म्हणते, दादीच्या दुधीला मान नव्हतीच, द्राक्षांच्या बांधावर कुठलातरी पराग लागला असणार. धाकटी म्हणते, होती, तू विसरलीस. फोटो एकही नाही. दुधीचा फोटो कोण काढतं? मग धाकटीच्या १९९६ च्या लग्नाची कॅसेट आठवली, तिची पुढे सीडी करून घेतली होती. दोघींनी बसून ती लावली. दूल्हा, सेहरा, मंडप, गेलेली किती माणसं. डेगेजवळ भटारी कांदा कापताहेत आणि मागून अम्मा कमरेवर काहीतरी घेऊन येते. गोल आहे. देठाच्या बाजूला तिचा पदर आला आहे. आम्ही तेवढंच पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. कॅमेरा लगेच नवरदेवाकडे वळतो.

यंदाही तीन दुधींना चिंधी बांधली आहे, एक मानेचा आणि दोन बिनमानेचे. तिन्ही वेलांची फळं चाखून झाली, कडू एकही नाही. भाबी दर आठवड्याला फोन करून विचारते, बी कधी देणार. ताणे अजून हिरवे आहेत.