थंडी परभणीची, हिशेब उन्हाळ्याचा

परभणीचा उन्हाळा 44 अंशांच्या पुढे जातो, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे कोरडे वारे सुटले आणि आभाळ निरभ्र राहिलं, की इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत किमान तापमान 5-6 अंशांवर येतं, कधी त्याच्याही खाली. घर दुरुस्त करताना आणि यंत्र घेताना मी उन्हाळाच तेवढा धरला. त्रास आईला झाला.

पहिली चूक छपराची. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या घराला माळवद होतं. दरवर्षी माती टाकूनही ते गळायचं, म्हणून उतरवून पत्रे टाकले. मातीचा जाड थर दिवसाचं ऊन साठवून रात्री हळूहळू सोडायचा. पत्रा दिवस मावळताच गार पडतो. पहाटे आईचे सांधे आखडू लागले.

मग 2000 वॅटचा हीटर आणला आणि 6 अँपियरच्या सॉकेटला लावला. त्याला साडेआठ अँपियरहून जास्त करंट लागतो. सॉकेट वितळलं. त्यानंतर आई रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊ लागली. बंद खोलीत कोळशाच्या धुपण्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. हे ठाऊक असून मी तिला वेळेवर अडवलं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

शेवटी गरम-थंड दोन्ही करणारा एसी घेतला. हाच हीट पंप. हीटर विजेचीच उष्णता करतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तिप्पट ऊब मिळू शकते. निवड बरोबर होती, निकष चुकला. मी लेबलवरचे तारे बघितले. आपल्याकडे एसीचे तारे थंड करण्याच्या कामावरून ठरतात. गरम करण्याची क्षमता माहितीपत्रकात वेगळी असते, आणि तीही सहसा बाहेर 7 अंश असतानाची. पारा उतरत गेला की ती घटते. आम्हाला गरज नेमकी त्याच वेळी, पहाटे.

यंत्र चालू असूनही खोलीत ऊब येईना. गरम हवा वर जाऊन पत्र्यातून ऊब बाहेर पडत होती. एसीच्या झडपा खाली वळवल्या, पत्र्याखाली ग्लासवूल घालून छत केलं, दाराखालची फट बुजवली. मग तेच यंत्र पुरलं. उन्हाळ्यातही खोली कमी तापू लागली. हे काम आधी केलं असतं, तर लहान यंत्रात भागलं असतं.

गावोगाव माळवदं उतरताहेत, पत्रे चढताहेत. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर आधी छप्पर आणि फटी बघा, मग 16 अँपियरची स्वतंत्र लाइन ओढा. दुकानात ताऱ्यांच्या आधी विचारा: बाहेर 5 अंश असताना हा एसी किती ऊब देतो? उत्तर लेखी मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका. आणि शेगडी आजच खोलीबाहेर काढा.