अण्णांची सही

आमचे अण्णा बेळगावच्या अग्निशामक दलात आहेत. म्हणजे बंबवाले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत आग, पूर, विहिरीत पडलेली म्हैस, सारे काही झाले. ठाण्यात हुकूम कानडीत, घरात बोलणे मराठीत, अशी त्यांची सरळ वाटणी. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात जेवताना त्यांना मीठ हवे होते, आणि 'मीठ' हा शब्दच सापडेना. "ते... पांढरं..." एवढेच. आईला वाटले, थट्टा करताहेत. आठवड्याभराने उजवा हात जड पडला, तेव्हा मेंदूचा फोटो काढला. डाव्या बाजूला गाठ. ग्लायोब्लास्टोमा.

शस्त्रक्रिया झाली. पण ही गाठ मुळासकट निघत नाही. तिच्या पेशी निरोगी मेंदूत दूरवर शिरलेल्या असतात. म्हणून नंतर सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने ही पद्धत रूढ केली. नुसत्या किरणांवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या पुढे जात. गोळ्यांची जोड दिल्यावर १४.६ महिन्यांच्या. अडीच महिन्यांचा फरक! मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी. आकडे वाचले, आईला सांगितले नाहीत.

काका म्हणत, हे धुराचेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचे काम कर्करोगकारक ठरवले, हे खरे. पण पुरेसा पुरावा मूत्राशयाच्या कर्करोगाचा आणि मेसोथेलिओमाचा. मेंदूचा नाही. काकांना ते पटले नाही. कुणावर तरी रागवायला हवेच असते.

मग घरात 'प्रयोग' हा शब्द शिरला. काकांनी एका मोठ्या शहरातले खासगी क्लिनिक शोधून काढले. रक्तातल्या पेशी काढून त्यांची लस करणार. खर्च बारा लाख. आई वडगावचा प्लॉट विकायला निघाली. काकांनी फोन सर्वांना ऐकू येईल असा लावला. अण्णांनी शब्द जुळवत विचारले, "किती आत गेले? किती बाहेर आले?" पलीकडून उत्तर आले, "पॉझिटिव्ह राहा."

अशा लसींचे रीतसर प्रयोग जगात झाले आहेत, नाही असे नाही. पण संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०१७ चा दंडक आहे. हे वाचल्यावर मी प्लॉटची कागदपत्रे उचलून माझ्या कपाटात ठेवली.

मुंबईच्या डॉक्टरांनी बारा लाख मागितले नाहीत आणि आशाही दिली नाही. "नव्या औषधाचा उपयोग होतो की नाही, आम्हाला ठाऊक नाही. म्हणूनच प्रयोग. निम्म्यांना नव्याची जोड, निम्म्यांना नेहमीचेच. कोणाला काय, ते संगणक ठरवणार. केव्हाही बाहेर पडता येईल." आई म्हणाली, "म्हणजे सोडतच की!"

संमतीचा कागद रुग्णाला कळेल अशा भाषेत लागतो. आम्हाला अर्थातच मराठी मिळाला. पण दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात असे नाही. अण्णांची कानडी शस्त्रक्रियेनंतर लवकर परतली होती. 'मीठ' आले नाही, 'उप्पु' आले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "कन्नड." काकांचा चेहरा उतरला. का, ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. मोर्चांत लाठ्या खाल्लेला माणूस तो! दोन दिवसांनी कानडी कागद आला. अण्णांनी ओळीखाली बोट धरून दीड तास वाचला, दोन ठिकाणी डॉक्टरांना थांबवून विचारले, आणि डाव्या हाताने सही केली.

"अहो, सोडतीत नाही लागलं तर?" आईने विचारले.

"मुंदिनवरिगे गोत्तागतद," अण्णा म्हणाले. पुढच्यांना कळेल. आईला तेवढी कानडी येते, पण ती काही बोलली नाही.

संगणकाने त्यांना नेहमीच्या गोळ्यांच्या गटात टाकले. त्या रात्री आई धर्मशाळेत जेवली नाही. काका अजून अधूनमधून बारा लाखांचा विषय काढतात. अण्णा ऐकून घेतात आणि रेडिओ लावतात.

शस्त्रक्रियेला अकरा महिने झाले. दर दोन महिन्यांनी मुंबईला फोटो काढावा लागतो. ठाण्यातला कोणी ना कोणी जवान रजा टाकून सोबत येतो. त्यांनी आपसात पाळ्याच लावून घेतल्या आहेत. पुढची तारीख गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची आहे. रात्रीच्या गाडीची तीन तिकिटे काढून ठेवली आहेत.