हेमलकशाची पोरकी पिल्लं

आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडून आलापल्ली मागे टाकली की सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडतं. मार्च सरत आला होता. पेरमिलीच्या आसपास बायका टोपल्या घेऊन मोहाखाली फुलं वेचत होत्या. शनिवार-रविवारची सुट्टी गाठून मी सहावीतल्या पुतणीला घेऊन चंद्रपूरहून निघालो होतो. भामरागड तालुक्यात हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात अनाथ वन्यप्राण्यांचं घर आहे, ते तिला दाखवायचं होतं.

इथे सिंह नाही, जिराफ नाही. सगळे आपल्याच रानातले: बिबट, अस्वल, तरस, सायाळ, हरणं, मगरी. दुपारी सायाळ कोपऱ्यात झोपली होती. ती काटे फेकून मारते असं पुतणीनं कुठेतरी ऐकलं होतं. पिंजऱ्यांची देखभाल करणारा माडिया आदिवासी तरुण आमच्यासोबत होता. तो म्हणाला, "फेकत नाही बाळा. पाठ फिरवून मागे सरकते, मग काटे घुसतात." अस्वलापाशी मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. वाळवीवर जगणाऱ्या या प्राण्याला वरचे मधले दोन दात नसतात. ओठ लांबवून, त्या फटीतून हवा ओढत तो वारुळातली वाळवी तोंडात घेतो. पुतणी ओठ पुढे काढून तसा आवाज काढू लागली, आणि अस्वलानंही मान वर करून आमच्या दिशेनं वास घेतला.

मला पिंजरे बघवत नाहीत. लांबलचक ढांगा टाकणारा बिबट जाळीपाशी येऊन वळतो, पुन्हा येतो, पुन्हा वळतो, तेव्हा जीव कासावीस होतो. तरी इथला पिंजरा मला मान्य आहे, कारण त्यातला प्राणी इथवर कसा आला हे ठाऊक आहे.

डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे आले तेव्हा रस्ते नव्हते, वीज नव्हती. २३ डिसेंबर १९७३ रोजी प्रकल्प सुरू झाला. माडियांच्या पोटाला तेव्हा शिकारीचा मोठा आधार होता. एकदा शिकारी मारलेली माकडीण घेऊन जाताना डॉ. प्रकाश यांना दिसले. तिच्या छातीला पिल्लू बिलगलेलं होतं, जिवंत. डॉक्टरांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतलं. तीच बबली, या घराची पहिली लेक. मग लोक पिल्लं आणून देऊ लागले, डॉक्टर बदल्यात धान्य देऊ लागले. भुकेल्या माणसाला 'शिकार करू नको' असं सांगण्यात काय अर्थ? त्याच्या हातातल्या घासाच्या बदल्यात दुसरा घास द्यावा लागतो. ही साधी गोष्ट डॉक्टरांना उमगली, म्हणून मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो. प्राण्यांच्या या घराशेजारीच दवाखाना आहे आणि १९७६ पासून चालणारी आश्रमशाळा आहे. मला ही तिन्ही कामं वेगळी दिसतच नाहीत.

"मोठा झाल्यावर बिबट्याला सोडत का नाहीत?" पुतणीनं विचारलं.

"आई शिकार शिकवते," तो तरुण म्हणाला. "ह्याला माणसानं बाटलीनं दूध पाजलं. माणसाची भीतीच नाही. सोडला तर सरळ गावात जाईल, आणि गाव त्याला मारेल."

परतीच्या वाटेवर मी तिला जुन्नरबद्दल सांगितलं. तिकडे बिबट मादी उसात पिल्लं घालते. तोडणीच्या वेळी ती मजुरांना सापडतात, पोरकी समजून लोक उचलतात. खरं तर आई जवळपासच असते. वनखातं आणि प्राणिमित्र पिल्लांची तपासणी करून सापडल्या जागीच ती संध्याकाळी ठेवतात, आणि बहुतेकदा रात्री आई येऊन तोंडात धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. बबलीची आई परत येणार नव्हती; या पिल्लांची येते.

"म्हणजे आपल्याला पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही?"

"नाही. लांब व्हायचं, गर्दी होऊ द्यायची नाही आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा."

आलापल्ली येईपर्यंत तिनं तो नंबर माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. सोमवारी वर्गात सगळ्यांना सांगायचा होता.