घाटमाथ्यावरचे आकडे

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके थेट सह्याद्रीला जाऊन भिडतात. शहापुरातून कसाऱ्याच्या थळघाटाने नाशिकला जाता येते आणि मुरबाडच्या वैशाखऱ्यातून नाणेघाट चढून जुन्नरला. या दोन्ही वाटांवर सातवाहनांचे शिलालेख आहेत. कल्याण बंदरातला माल याच घाटांनी वर चढून पैठण, तेरपर्यंत जात असे. मी प्राचीन लेखांचा अभ्यासक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजांचे आज आपल्याकडे काय उरले, असे लोक मला नेहमी विचारतात. सातवाहनांचा वारसा आजही आपल्या रोजच्या वापरातला आहे.

नाणेघाटाच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरलेला आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख. पतीसह केलेले अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचा त्यात हिशेब आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

या हिशेबातले आकडे हा माझ्या मते लेखातला सर्वांत मोलाचा भाग. दोनसाठी दोन आडव्या रेघा आहेत. लिहिताना हात न उचलता त्या रेघा जोडल्या गेल्या आणि त्यांतूनच पुढे दोनचा आजचा आकडा घडला. सात आणि नऊ यांच्या खुणांतही आजच्या आकड्यांची ठेवण दिसू लागते. मात्र इथे शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. 24,400 कार्षापण लिहिताना हजाराच्या चिन्हाला वीस जोडले, पुन्हा हजाराला चार जोडले आणि शेवटी शंभराला चार. स्थानावरून किंमत ठरवण्याची पद्धत आणि शून्य ही पुढच्या काळातली भर. त्यानंतर हे अंक बगदादमार्गे युरोपात गेले आणि पिसाच्या लिओनार्दोने 1202 मध्ये ते आपल्या ग्रंथातून तिथल्या व्यापाऱ्यांना शिकवले. 1870च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाणेघाटाच्या या संख्यांचा उलगडा केला, तेव्हा जगभरच्या अंकांच्या इतिहासातला एक जुना दुवा हाती आला.

वारसा सांगताना तो नेमका सांगावा, असा माझा आग्रह असतो. पंचांगात आपण शालिवाहन शक लिहितो. 78 साली सुरू झालेली ही कालगणना मुळात शक राजांकडची. सातवाहनांचे नाव तिला बऱ्याच काळाने चिकटले. सातवाहन राजे स्वतः राज्यवर्षे मोजत. राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ मात्र खरी ठेव आहे. तिच्या महाराष्ट्री प्राकृतातूनच अपभ्रंशाच्या वाटेने आपली मराठी उभी राहिली.

आणि नागनिका. पतीच्या मागे व्रतस्थ राहिलेल्या या राणीचा हा लेख ऐन व्यापारी वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर आहे. भारतातल्या राजस्त्रियांच्या इतक्या जुन्या आणि इतक्या तपशीलवार नोंदी फार थोड्या आहेत. शाळेत शिवाजी महाराजांच्या आधीचा महाराष्ट्र शिकवताना तिचे नाव सुटता कामा नये.

पावसाळ्यात नाणेघाटावर गर्दी लोटते. बहुतेक जण लेण्यात विसावा घेतात आणि भिंतीकडे न पाहता पुढे जातात. काही जण त्याच भिंतींवर स्वतःचे नाव कोरतात. एक अक्षर खरवडले गेले की ते कायमचे जाते. मुरबाड-शहापूरच्या शाळांतल्या आणि आश्रमशाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: कोरड्या दिवसांत मुलांना घेऊन वर जा. अक्षरांना हात न लावता, खडू न फिरवता त्यांना ते अंक शोधायला सांगा. आपण पाटीवर गिरवतो त्या आकड्यांचे पूर्वज आपल्या शेजारच्याच घाटात आहेत, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, ते त्या भिंतीवर कधीही ओरखडा काढणार नाही.