बारा नंबरचं लेणं

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण गुडघा. पण तोच गुडघा घेऊन भाद्रपदात लेणापूरवरून अजिंठ्याला उतरले, तेच सांगायला आज बसले आहे.

धाकट्या बहिणीचं घर फर्दापूरला. तिथून लेणी चार-पाच किलोमीटरवर, फाट्यावरून बस जाते. पण भाचा म्हणाला, "मावशी, या वेळी वरच्या बाजूने जाऊ. झेपेल तेवढंच चाल." रिक्षाने घाट चढून लेणापूरला उतरलो. मका, कपाशी आणि पायाखाली काळा चिखल. ओट्यावर बसलेल्या एका आजींनी तांब्याभर पाणी दिलं आणि बजावलं, "खाली पायऱ्या निसरड्या हायेत, दमानं जा."

व्ह्यू पॉइंटवरून नालेसारखं वळण घेतलेली वाघोरा आणि कड्यात कोरलेली लेणी एका नजरेत दिसतात. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती अशी समोरच्या डोंगरावरून दिसली, असं सांगतात. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याचं नाव आहे. बाकांवर नावं कोरणाऱ्या पोरांना मी नेहमी त्याचा दाखला देऊन रागवायची!

काठी टेकत, बसत-उठत पायऱ्या उतरले, पूल ओलांडला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी किंवा सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध पाहायचं त्राण नव्हतं. मला जायचं होतं बाराव्यात. तिथे चित्रं नाहीत, मूर्ती नाही, त्यामुळे गर्दीही नसते. पुढची भिंत पडलेली, आत चौकोनी दालन, तिन्ही बाजूंना चार-चार खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडाचे दोन ओटे, झोपण्यासाठी.

१९८३ साली शाळेची सहल घेऊन आले होते. त्याच वर्षी अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मुलांना भराभर पुढे हाकत होते. मोजल्यावर एक कमी भरला. शोधत मागे आले तर हा पठ्ठ्या बाराव्या लेण्यातल्या दगडी ओट्यावर उताणा पडलेला. मला पाहून उठला आणि म्हणाला, "बाई, ही एकाची खोली होती का हो?" उत्तर म्हणून मी त्याच्या कानाखाली दिली. एसटी थांबली होती, उशीर होत होता, हे खरं. पण त्याच्या घरी एका खोलीत आठ माणसं राहत, हेही मला ठाऊक होतं.

'विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान', ही व्याख्या मी तीस वर्षं फळ्यावर लिहिली. वर्षभर गावोगाव पायी हिंडणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावं, म्हणून वर्षावास. हेही शिकवलं. पण ती दगडी जागा चालून दमलेल्या माणसासाठी आहे, हे कळायला दुखरा गुडघा आणि लेणापूरचा चिखल लागला. त्या पोराला ते बाराव्या वर्षीच कळलं होतं. सबंध सहलीत खरा प्रश्न विचारला तो त्यानेच.

एका खोलीच्या उंबऱ्यावर बसले. बाहेर सर आली. भाचा म्हणाला, "मावशी, निघायचं का?" म्हटलं, "पाऊस थांबू दे." मग त्याच्याकडे न बघताच मोठ्यांदा म्हणाले, "एकाची नव्हे रे बाळा, दोघांत एक. आणि तीही पावसापुरती." भाचा चकित होऊन बघत राहिला. त्याला मग सगळं सांगितलं.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कुठे आहे, माहीत नाही. त्याला स्वतःची खोली मिळाली असेल, अशी आशा करते.

असो. गुडघा दोन दिवस सुजला होता. बहिणीने शेकून दिला, बोलणीही खाऊ घातली. पण जाऊन आले ते बरं झालं.