गळता कॉक

आमच्या शिरूर-दौंडच्या भागात थंडीने थिजते ते खोबरेल तेल. पारा दहाच्या खाली गेला की बाटली उन्हात नेऊन ठेवायची, एवढाच आमचा शिशिराशी सामना. म्हणूनच की काय, आमच्या बोलण्यात तूप थिजते आणि भीतीने रक्त गोठते. पाणी गोठते ते शास्त्राच्या पुस्तकात. ते प्रत्यक्ष गोठलेले मी पाहिले २०२२च्या डिसेंबरात, रजा काढून धाकट्या भावाकडे कॅलगरीला गेले तेव्हा.

भावाकडे मोटारहोम आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याची टाकी, पंप, गिझर आणि या सर्वांना जोडणारे बोटाएवढे पाइप असे हे चाकांवरचे घर घेऊन तो हिवाळ्यातही दर पंधरा दिवसांनी बॅन्फच्या बाजूला जातो. गाडी हिवाळाभर उभीच ठेवायची असेल तर काम सोपे असते. सगळे पाणी काढायचे, पाइपांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे न गोठणारे गुलाबी द्रावण भरायचे आणि वसंताची वाट पाहायची. पण पंधरवड्याला लागणाऱ्या गाडीत ते द्रावण भरणे आणि धुऊन काढणे दर खेपेला कोण करील? म्हणून प्रवासात गॅसची भट्टी रात्रंदिवस चालू ठेवायची, कारण तिचीच ऊब त्याच्या गाडीच्या तळातल्या टाकीपर्यंत पोचते. रात्री सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी टाकायची, म्हणजे आतले पाइप उबेत राहतात. परतल्यावर टाकी, गिझर, पाइप रिकामे करायचे, उरलेले पाणी कम्प्रेसरच्या हवेने हुसकायचे आणि द्रावण ओतायचे ते फक्त सिंकखालच्या वळणांत, जिथे पाणी साचतेच.

परतलो त्या रात्री भावाने गाडीखालचे निचऱ्याचे दोन्ही कॉक उघडले. जवळजवळ शंभर लिटर चांगले पाणी बर्फावर ओतले जाताना पाहून माझ्या पोटात कालवले. शिरूरच्या पूर्वेकडे, कालव्याचे पाणी पोचण्याआधीच्या आमच्या गावात मी विहिरीवरून हंडे वाहिलेले आहेत. आज दौंडमध्ये भीमेच्या काठी राहूनही आदल्या दिवशीचे पाणी मी शिळे म्हणून ओतत नाही. ते झाडांना जाते.

"ताई, पाणी पूर्ण निथळू दे, मग हाक मार," असे सांगून तो मुलांना झोपवायला आत गेला. धार बारीक झाली, मग थेंब थेंब गळू लागले. गळणारा नळ दिसला की हात आपोआप पुढे होतो. मी कॉक बंद केला. वरून त्याने विचारले, "थांबले का?" मी म्हणाले, "थांबले." तो थकलेला होता, हवा सकाळी मारू म्हणाला.

रात्री तापमान उणे २५च्या खाली उतरले. सकाळी पंपाला तडा गेलेला होता आणि एक एल्बो फुटला होता. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, हे मी शाळेत शिकले होते. भावाकडून कळले ते वेगळेच. पाइप बहुतेकदा नुसत्या बर्फाच्या रेट्याने फुटत नाही. बर्फ आणि बंद कॉक यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने फुटतो. तो कॉक गळत राहिला असता तर पाणी निघून गेले असते. मी ज्याला गळती समजले, ती त्या घराची सुरक्षितता होती.

मुलांची नाताळची सहल रद्द झाली. दोन दिवस मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, "अरे, तो कॉक मी बंद केला होता." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आईनेही तेच केले असते." ही क्षमा होती की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आईचा हात माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे. त्याला मात्र तो तिकडे जगण्यासाठी सोडवून घ्यावा लागला असेल, एवढे तेव्हा जाणवले.

६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. तिच्या पाण्याच्या टाक्यांना तापवणारे पॅड आहेत आणि पाइपांतले पाणी आपोआप निचरून जाण्याची सोय आहे, असे मी वाचले. जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस आम्ही भावंडांनी दौंडलाच प्रथम पाहिली होती. त्या नव्या गाडीतले पाणी सोडून द्यायला कुणाच्या हाताला शिकावे लागणार नाही.

वर्गात 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येते तेव्हा मी ती पूर्वीसारखीच शिकवते. आमच्या मातीत ती खरीच आहे. कॉलेजच्या व्हरांड्यातला गळका नळही मी येताजाता बंद करते. फक्त हात पुढे करण्याआधी आता क्षणभर थांबते.